आधी जीव, मग ताप

एकाच घरातल्या तिघांच्या रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक ठेवल्या, तरी त्यांतलं मरणाच्या दारात कोण आहे हे पट्टीवरून सांगता येईलच असं नाही. हिवतापाबद्दलची ही गोष्ट मला दक्षिण गडचिरोलीत काम करताना कळली. पावसाळा सरत आलेला असायचा. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून उतरून रस्ता खुला झाला, की आतल्या गावांतून माणसं रुग्णालयाकडे निघायची. बांबूला बाज बांधून आणलेलं तीन-चार वर्षांचं मूल, शुद्ध हरपलेली, मधूनच आकडी, श्वास खोल आणि घाईचा. सोबत आई-बाप, कधी आजी. पट्ट्या सगळ्यांच्याच घेतल्या जायच्या. मुलाच्या रक्तात हिवतापाचा फॅल्सिपेरम जातीचा परजीवी निघायचा, आणि पुष्कळदा बापाच्याही. बाप मात्र रात्रभर बाजेचा दांडा खांद्यावर घेऊन जंगलातून चालत आलेला. ताप आला होता का, म्हणून सिस्टर माडियातून विचारायच्या आणि तो नकारार्थी मान हलवायचा. खरंच आलेला नसायचा.

तेच घर, तेच डास, परजीवीची तीच जात. मग बापाजवळ असं काय होतं, जे मुलाजवळ नव्हतं? त्या वर्षांत हा प्रश्न मनात बसला तो पुढे प्रयोगशाळेत आले तरी उठला नाही. त्याच्या उत्तराचा मोठा भाग त्या बापाच्याच रक्तात होता. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी ती प्रतिपिंडं होती. बाकीचा भाग आपल्याला अजून पुरता उलगडलेला नाही, आणि मला वाटतं हिवतापाच्या शास्त्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

गोवर एकदा होऊन गेला की शरीराचा त्याच्याशी असलेला व्यवहार संपतो. हिवतापाशी तो वर्षानुवर्षं चालतो आणि त्याला एक क्रम असतो. जिथे डास सतत चावतात तिथे वाढणारं मूल सगळ्यात आधी हिवतापानं न मरायला शिकतं. त्यानंतर, बऱ्याच उशिरा, हिवतापानं आजारी न पडायला. परजीवी रक्तात शिरूच नये हे मात्र बहुतेकांना आयुष्यभर साधत नाही. मोठी माणसं अंगात थोडे परजीवी वागवत शेती करतात, मोहफुलं वेचतात, तेंदूपत्ता तोडतात. आजार आणि लागण या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असू शकतात, हे शहरात शिकलेल्या डॉक्टरला पचायला वेळ लागतो.

रोनाल्ड रॉसनं १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी शोधला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत रॉबर्ट कॉख जावा आणि न्यू गिनीत गावोगाव रक्त तपासत हिंडला. त्याला दिसलेलं मात्र फारसं सांगितलं जात नाही. ज्या गावांत हिवताप मुरलेला होता तिथे लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर होते आणि मोठ्यांच्या रक्तात क्वचित. बाहेरून नव्यानं आलेली माणसं मात्र कुठल्याही वयाची असोत, आजारी पडत होती. यावरून कॉखनं अनुमान काढलं की रोग सोसून सोसून शरीरात काहीतरी तयार होतं. ते काय, हे दाखवायला आणखी साठ वर्षं जावी लागली.

ते काम झालं पश्चिम आफ्रिकेतल्या गँबियात. इयन मॅकग्रेगर हा ब्रिटिश डॉक्टर १९४९पासून तिथे होता आणि केनेबा या गावातल्या मुलांची वाढ, ताप, प्लीहा, रक्त यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत होता. पाच वर्षांच्या आतली किती मुलं जातात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. १९६१ साली सिडनी कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गँबियातल्या प्रौढ माणसांचं रक्त घेऊन त्यातला गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात प्रतिपिंडं असतात तो भाग, वेगळा काढला. हिवतापानं आजारी असलेल्या लहान मुलांना तो टोचला. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं घटले आणि ताप उतरला. ब्रिटनमधल्या माणसांच्या रक्तातून तसाच काढलेला भाग दिला तेव्हा काहीच झालं नाही.

हा निबंध मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्यातल्या एका तपशिलापाशी थांबते. टोचल्याबरोबर परजीवी मेले नाहीत. तांबड्या पेशींत आधीच शिरून बसलेले परजीवी आपापल्या गतीनं वाढत राहिले. ते पिकून पेशी फुटल्या तेव्हा मात्र पुढची पिढी नव्या पेशींत पसरू शकली नाही. म्हणजे प्रतिपिंडं गाठत होती ती परजीवीला उघड्यावर, एक घर सोडून दुसऱ्यात शिरण्याच्या घडीला. आज आपण ती घडी मोजू शकतो. फॅल्सिपेरमचं चक्र साधारण ४८ तासांचं. एक पेशी फुटली की वीसेक नवे परजीवी बाहेर पडतात आणि मिनिटभराच्या आत नव्या पेशीत दडी मारतात. प्रतिपिंडाला हातघाईला सापडतो तो एवढाच वेळ. त्यामुळे ती रक्तात नुसती असून भागत नाही, भरपूर असावी लागतात.

त्या मुलांच्या आई-बापांना काय सांगितलं गेलं असेल, हाही विचार येतो. आज असा प्रयोग त्या रीतीनं कोणी मंजूर करणार नाही आणि ते योग्यच आहे. तरी त्या प्रयोगात जे सिद्ध झालं त्याचा अर्थ मला फार जवळचा वाटतो. गावातल्या मोठ्यांनी बालपणभर जे सोसून मिळवलं होतं, ते बाटलीत भरून गावातल्या लेकरांना देता येत होतं. पुढल्याच वर्षी नायजेरियातल्या संशोधकांनी नाळेच्या रक्तातल्या गॅमा ग्लोब्युलिननंही हेच साधतं हे दाखवलं. निसर्ग हे काम आधीपासून करतच होता. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि पहिले काही महिने त्याला सांभाळतात. ती विरली की बाळ उघडं पडतं. गंभीर हिवतापानं होणारे बालमृत्यू त्यानंतरच्या वर्षांत का साठलेले असतात, याचं एक कारण हे आहे.

तीस वर्षांनी, १९९१ साली, आणखी एक पाऊल पडलं. आयव्हरी कोस्टमधल्या प्रौढांची प्रतिपिंडं थायलंडमधल्या रुग्णांना दिली गेली. परजीवी आशियातला, प्रतिपिंडं आफ्रिकेतली, तरीही रक्तातले परजीवी घटले. म्हणजे परजीवीत कुठेही गेलं तरी फारसं न बदलणारं असं काहीतरी आहे आणि शरीराला ते ओळखता येतं. लस शोधणाऱ्यांना त्या एका निष्कर्षानं बराच काळ धीर दिला. हा प्रयोग करणाऱ्या गटानंच हेही दाखवलं की ही प्रतिपिंडं पुष्कळदा एकटी लढत नाहीत. परजीवीवर चिकटून ती रक्तातल्या भक्षक पेशींना कामाला लावतात. नळीत नुसती प्रतिपिंडं आणि परजीवी एकत्र केले तर फारसं घडत नाही. तिसरा सोबती घातला की घडतं.

पण मग लेकराला शिकायला इतकी वर्षं का लागतात?

फॅल्सिपेरमच्या पट्टीवर सहसा फक्त कोवळ्या अवस्था दिसतात, नाजूक अंगठ्यांसारख्या. पिकलेले परजीवी दिसत नाहीत, कारण ते वाहत्या रक्तात नसतातच. तांबड्या पेशीत वाढता वाढता परजीवी तिच्या पृष्ठभागावर उंचवटे उभे करतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन मांडतो. त्याच्या आधारानं ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते. वाहत राहिली असती तर प्लीहेनं तिला गाळून नष्ट केलं असतं. परजीवीच्या दृष्टीनं हा जीव वाचवण्याचा मार्ग आहे, मुलाच्या दृष्टीनं मात्र घात. मेंदूतल्या केशवाहिन्यांत अशा पेशींची गर्दी झाली की शुद्ध हरपते. म्हणून बाजेवरच्या मुलाच्या पट्टीत मोजक्या अंगठ्या आणि बापाच्या पट्टीतही मोजक्याच, असं चित्र दिसू शकतं. मुलाचा जीव घेणारे परजीवी पट्टीवर आलेलेच नसतात.

या चिकट प्रथिनाला शास्त्रज्ञ पीएफईएमपी-१ म्हणतात. त्याचे जनुक १९९५ साली सापडले आणि मग उलगडा झाला की परजीवीजवळ हे प्रथिन एकच नाही. एका परजीवीच्या जनुकसंचात त्याचे साठेक निरनिराळे आराखडे असतात आणि एका वेळी तो त्यांतला एकच वापरतो. शरीरानं एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं घडवली, की दुसरं रूप घेतलेले मूठभर परजीवी उरतात आणि त्यांच्यापासून नवी पिलावळ वाढते. दारी येणारा बहुरूपी आज पोलीस, उद्या वाघ होऊन येतो, तसंच. त्यात गावातल्या दुसऱ्या परजीवीजवळचे साठ आराखडे आणखी वेगळे. या सगळ्यांची ओळख पटायला मुलाचं सारं बालपण खर्ची पडतं.

इथेच तो क्रम समजू लागतो. ही साठही रूपं सारखी घातक नसतात. काही रूपं रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ठरावीक रेणूंनाच घट्ट धरतात. त्यांतला एक रेणू रक्त गोठण्याची आणि सूज येण्याची प्रक्रिया आवरून धरणारा आहे. गंभीर आजारी मुलांतले परजीवी पुष्कळदा त्याच रेणूला चिकटणारे असतात, हे २०१३ साली दाखवलं गेलं. ज्या मुलाच्या शरीरानं अजून काहीच ओळखलेलं नाही, त्याच्या अंगात हीच रूपं जोमानं वाढतात. त्यांची संख्या तुलनेनं थोडी असल्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडंही आधी तयार होत असावीत. उरलेली रूपं ताप आणतात, अशक्तपणा आणतात, पण सहसा जीव घेत नाहीत. म्हणून आधी जीव वाचतो, ताप नंतर थांबतो.

हे चित्र सुबक आहे आणि मला ते आवडतंही. पण सगळे पुरावे त्याच्याशी मुकाट्यानं जुळत नाहीत. १९९९ साली सुनेत्रा गुप्ता आणि सहकाऱ्यांनी गणितानं दाखवलं की मेंदूचा सोडून इतर गंभीर हिवतापाविरुद्ध एक-दोन लागणींतच बरंच संरक्षण येत असावं. पुढे टांझानियात आठशेहून अधिक मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवणारा एक मोठा अभ्यास झाला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. तान्हेपण सरलं तसा गंभीर हिवताप खूप कमी झाला, पण रक्तात परजीवी दाटण्याचं प्रमाण मात्र तसंच राहिलं. गंभीर दुखण्याच्या आधी आणि नंतर त्याच मुलाच्या रक्तातले परजीवी साधारण तितकेच होते. आधी एक-दोनदा साधा ताप येऊन गेल्यानं गंभीर आजार टळला, असंही दिसलं नाही. म्हणजे मूल वाचतं ते परजीवींची संख्या आटोक्यात ठेवायला शिकलं म्हणून नव्हे. ते वेगळंच काही शिकलेलं असतं. मला हा निष्कर्ष गडचिरोलीच्या अनुभवाशी जुळणारा वाटला. तिथे पट्टीवरचा आकडा आणि मुलाची अवस्था यांची सांगड घालायला जावं, तर ती हातातून निसटायची.

इथे एक सावधगिरी हवी. रक्तात प्रतिपिंडं मोजणं सोपं झालं आहे. एका थेंबात शेकडो प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं तपासता येतात. पण प्रतिपिंड सापडलं म्हणजे त्यानंच वाचवलं असं होत नाही. ज्या मुलाला डास जास्त चावले, त्याच्या रक्तात प्रतिपिंडंही जास्त आणि आजारही जास्त, असंही होऊ शकतं. पुष्कळ प्रतिपिंडं केवळ हजेरीपटावरच्या सह्या असतात. त्यांतली राखणदार कुठली हे ठरवायला वर्षानुवर्षं त्याच मुलांमागे राहावं लागतं. केनियातलं किलिफी, मालावीतलं ब्लँटायर, टांझानिया, माली इथे माणसांनी हे चिकाटीचं काम केलं आहे. टांझानियातल्या त्या मुलांच्याच रक्तातून अशी काही प्रतिपिंडं सापडली, जी परजीवीला पिकलेल्या पेशीतून बाहेरच पडू देत नाहीत. ज्या वेळी ती रक्तात होती त्या वेळी त्या मुलांना गंभीर हिवताप झालेला आढळला नाही. शिवाय सगळं श्रेय प्रतिपिंडांना देताही येत नाही. सिकलसेलचा एकच जनुक असलेलं मूल गंभीर हिवतापापासून बरंच बचावतं, हे अँथनी ॲलिसननं १९५४ सालीच दाखवलं होतं. गडचिरोलीत सिकलसेल आणि हिवताप एकाच वस्तीत का भेटतात, याचं उत्तर त्यातच आहे.

मोठ्यांच्या या कमावलेल्या संरक्षणाला एक खिंडार आहे आणि ते बाईच्या वाट्याला येतं. हिवतापाच्या मुलखात वाढलेली, कित्येक वर्षांत ताप न आलेली तरुणी पहिल्यांदा गरोदर राहिली की पुन्हा असुरक्षित होते. तपासणीला यायची तेव्हा अशी पहिलटकरीण पांढरीफटक दिसायची. हिमोग्लोबिन इतकं खाली, की ही चालत कशी आली याचं नवल वाटावं. आणि ताप नाहीच. याचं कारण १९९६ साली मिकल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांच्या केनियातल्या कामातून कळलं. वारेत एक असा रेणू मुबलक असतो, ज्याला परजीवीचं एकच विशिष्ट रूप चिकटतं. वार नसलेल्या शरीरात त्या रूपाला बस्तान बसवायला जागाच नसते, त्यामुळे बालपणभरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं घडलेली नसतात. पहिल्या गरोदरपणात परजीवी वारेत साठतात, आईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढची बाळं बऱ्याच अंशी सुखरूप येतात. म्हणजे आईच्या शरीराला ही ओळख होते ती पहिल्या बाळाच्या वजनावर. हे मला कधीही सहजपणे वाचता आलेलं नाही.

एकूणच या संरक्षणाची किंमत कोण मोजतं हे विसरलं जातं. 'आदिवासींना मलेरिया सोसतो' असं वाक्य मी तालुक्याच्या ठिकाणी सुशिक्षित तोंडून ऐकलं आहे. सोसतो तो जगलेल्यांना. पस्तिशीच्या बापाकडे पाहून केलेल्या त्या विधानात त्याची गेलेली भावंडं मोजलेली नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात हिवतापानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिका विभागातले, आणि तिथल्या दर चार मृत्यूंतले तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. नैसर्गिक प्रतिकारशक्तीचं कौतुक करताना मला हे आकडे समोर ठेवावेसे वाटतात.

बाहेरून येणाऱ्यांची कथा वेगळी. गडचिरोलीत बदलून आलेला शिक्षक, रस्त्याच्या कामावरचा मजूर, बंदोबस्तावरचा जवान, ही धट्टीकट्टी माणसं पहिल्याच लागणीत कावीळ, मूत्रपिंड बंद, शुद्ध हरपलेली अशा अवस्थेत यायची. गावातल्या त्यांच्याच वयाच्या माणसाला साधा तापही नसायचा. इंडोनेशियात जावा बेटावरून पापुआत वसवलेल्या कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात यातली एक चकित करणारी गोष्ट दिसली. पहिल्या फटक्यात मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त गंभीर आजारी पडली. पण वर्ष-दोन वर्षांत संरक्षणही मोठ्यांनाच आधी आलं. वाढत्या वयाबरोबर शरीराच्या शिकण्याची रीतच बदलते, असं त्यातून दिसतं. केवळ सरावाच्या हिशेबानं हे समजावता येत नाही.

शिकलेलं टिकतं किती, हा पुढचा प्रश्न. मालीत मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं पावसाळ्यात चढतात आणि कोरड्या महिन्यांत पुन्हा ओसरतात. उलट उदाहरण मादागास्करच्या उंच पठारावरचं आहे. तिथे १९५०-६०च्या दशकांत फवारणी आणि औषधांनी हिवताप जवळजवळ गेला होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो भयंकर साथ होऊन परतला. पुष्कळ माणसं दगावली. त्यात असं दिसलं की चाळिशीपुढची, म्हणजे मोहिमेच्या आधी लहानपणी हिवताप सोसलेली माणसं तुलनेनं सावरली होती. मधली तीसेक वर्षं हिवताप नसतानाही त्यांच्या शरीरानं काही आठवण जपली होती. मोहिमेनंतर जन्मलेल्यांजवळ ती नव्हती.

आपल्या देशानंही असा काळ पाहिला आहे. १९६५पर्यंत रुग्णसंख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास आली होती आणि आता हिवताप संपलाच अशी भावना होती. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. डासांनी डीडीटीला दिलेलं तोंड, औषधांना न बधणारे परजीवी आणि ढिली पडलेली यंत्रणा ही कारणं सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. मधल्या काळात जन्मलेल्या एका अख्ख्या पिढीच्या रक्तात या रोगाची ओळख नव्हती, हे त्यांत जोडायला हवं.

म्हणून लशीकडे मी फार आशेनं पाहते. मूल न दगावता शरीराला ओळख करून देण्याचा तो मार्ग आहे. आरटीएस,एस ही लस घाना, केनिया आणि मालावी इथे २०१९पासून नेहमीच्या लसीकरणातून दिली गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१मध्ये तिची शिफारस केली. त्या तीन देशांत लस मिळण्याच्या वयाच्या मुलांमधले सर्व कारणांचे मिळून मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. इतक्या मोठ्या समूहात एका लशीनं मृत्यूंत एवढा फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये आर२१ या दुसऱ्या लशीची शिफारस झाली. ती ऑक्सफर्डमध्ये घडली आणि बनते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जुलै २०२४मध्ये आयव्हरी कोस्टनं ती सगळ्यात आधी द्यायला सुरुवात केली. त्याच देशातल्या प्रौढांची प्रतिपिंडं एकेकाळी थायलंडला गेली होती, हे मला त्या दिवशी आठवलं.

या दोन्ही लशींची प्रतिपिंडं मात्र त्या बापाच्या प्रतिपिंडांसारखी नाहीत. त्या ओळख करून देतात ती डासाच्या लाळेतून येणाऱ्या, यकृताकडे निघालेल्या अवस्थेची. परजीवी रक्तात उतरण्याआधीच त्याला अडवायचं, असा हा बेत आहे. निसर्गात ही अवस्था क्षणभराची पाहुणी असल्यामुळे तिच्याविरुद्ध शरीर फारसं काही शिकत नाही, म्हणजे लस निसर्गाची नक्कल न करता वेगळीच वाट धरते. पण काहीजण निसटतातच, आणि एकदा रक्तात पोचले की या प्रतिपिंडांना त्यांची ओळख नसते. केनियात आरटीएस,एसच्या सुरुवातीच्या चाचणीतल्या मुलांमागे सात वर्षं राहिल्यावर दिसलं की संरक्षण ओसरत गेलं. जिथे डास फार होते तिथे पाचव्या वर्षी लस घेतलेल्यांत ताप थोडा जास्तच आला. नैसर्गिक शिक्षण जरा लांबल्याची ही खूण असावी. यावरून लस नको असा निष्कर्ष काढणं मला चुकीचं वाटतं. सर्वांत धोक्याची वर्षं निभावून नेणं हाच मोठा लाभ आहे. वर्षभरानंतरचा वाढीव डोस आणि मच्छरदाणी मात्र त्या लशीचाच भाग मानली पाहिजेत.

कोहेन आणि मॅकग्रेगर यांची वाटही नव्या रूपात परत आली आहे. एका प्रायोगिक लशीच्या स्वयंसेवकाच्या रक्तातून एकच उत्तम प्रतिपिंड निवडून, ते जास्त टिकेल असा बदल करून, मालीतल्या प्रौढांना एकदाच शिरेतून दिलं गेलं. २०२२ साली आलेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांच्या हंगामात त्याच्या मोठ्या मात्रेनं ८८ टक्के लागण टाळली. मग कातडीखाली टोचता येणारं प्रतिपिंड मुलांत वापरून पाहिलं गेलं. किमतीचा प्रश्न आहेच. पहिलटकरणीला दिवस राहिल्याबरोबर एक टोचणी देऊन तिला आणि बाळाला निभावून नेता आलं, तर तो खर्च मी आनंदानं योग्य म्हणेन.

आपल्याकडे सध्या वेगळा प्रयत्न चालू आहे. ओडिशानं २०१७पासून 'दमन' मोहिमेत आणि छत्तीसगडनं २०२०पासून बस्तरमध्ये ताप नसलेल्यांचंही रक्त घरोघर जाऊन तपासायला सुरुवात केली. बस्तरमध्ये सापडलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना काहीच लक्षण नव्हतं. आशाताई अंगणात उभी राहून बोट टोचते, किटवर रेघ उमटते आणि धडधाकट माणसाला गोळ्या खायला सांगते. त्याला त्या का खाव्यात हे पटत नाही आणि त्याचं न पटणं मला समजतं. त्याच्या अंगातले परजीवी त्याला त्रास देत नाहीत, ते डासामार्फत शेजारच्या लेकराला त्रास देतात. त्यानं गोळ्या घेतल्या की ते लेकरू वाचतं. पण हळूहळू त्या लेकराच्या आणि शेवटी त्या बापाच्याही रक्तातलं जुनं संरक्षण पातळ होत जातं. हा सौदा करण्यासारखाच आहे, मी तो शंभर वेळा करेन. मात्र तो करणाऱ्या व्यवस्थेनं एक जबाबदारी अंगावर घेतलेली असते. आजवर जे काम त्या प्रतिपिंडांनी केलं, ते आता उपकेंद्रानं करायचं असतं.

प्रतिपिंडं या वळणावर आणखी एक काम करतात. गावातल्या सगळ्या वयांच्या माणसांच्या रक्तात ती मोजली तर हिवताप गावातून कधी गेला हे कळू शकतं. मॉरिशसमध्ये १९७०च्या दशकात अशी पाहणी झाली. ठरावीक वयाच्या वरच्यांत जुन्या लागणीच्या खुणा होत्या, त्याखालच्या मुलांत नव्हत्या. उद्या गडचिरोलीतल्या भामरागडच्या एखाद्या गावात दहा वर्षांखालची सगळी मुलं अशी कोऱ्या रक्ताची निघाली तर मला फार आनंद होईल. त्याच दिवशी मी विचारेन की त्या गावच्या उपकेंद्रात किट आहेत का, गंभीर हिवतापावरच्या आर्टेसुनेटच्या कुप्यांची मुदत कधी संपते, आणि पूल पाण्याखाली असताना आकडी आलेल्या मुलाला पहिलं इंजेक्शन कोण देणार आहे.